निरोप्या कोण, मालक कोण?

(टोकावडे इथं तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोली बऱ्याच अंशी तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय आहे ‘अनेक एजंटांच्या सॉफ्टवेअरमधला समन्वय’. फळ्यावर हे लिहिलं तेव्हा मागच्या रांगेतून एक जण बोलला, ‘दादा, एजंट आम्हाला शिकवू नका, आम्ही रोज बघतो.’ बरोबर बोलला तो. मुरबाड-शहापूरच्या माणसाला एजंट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आरटीओचा एजंट, विम्याचा एजंट, वीटभट्टीवर माणसं पुरवणारा मुकादम, आणि समृद्धी महामार्ग शहापुरातून जाणार म्हटल्यावर सातबारा काखेत मारून पाड्यापाड्यात फिरणारा जमिनीचा दलाल. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी. तो दुसऱ्याच्या वतीनं काम करतो, त्याला थोडी अक्कल वापरायची मुभा असते, आणि तो नेमका कोणाच्या वतीनं काम करतोय ते समोरच्याला पुष्कळदा कळत नाही. सॉफ्टवेअरमधला एजंट अगदी असाच आहे.

साधा प्रोग्राम सांगितलं तेवढंच करतो. एजंटाला काम सांगायचं आणि पायऱ्या त्याच्यावर सोडायच्या. ‘या शंभर अर्जांतले अपुरे अर्ज शोध, प्रत्येकाला पत्र लिही, उत्तर आलं की नोंद कर,’ एवढं सांगितलं की तो स्वतः फाइल उघडतो, वाचतो, दुसऱ्या प्रोग्रामला विचारतो, पत्र धाडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून बोलता-लिहिता येणारी मशीन बाजारात आली, आणि त्यानंतर कंपन्यांनी तिला हातपाय जोडायला सुरुवात केली. मी नव्या मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गाव इथलंच. त्यामुळे दोन्हीकडची भाषा मला थोडी थोडी येते. आज ती एकमेकींना भिडवून बघायची आहे.

एक एजंट असला तर भानगड कमी. दहा असले की प्रश्न सुरू. कोणतं काम कोणी करायचं? दोघांनी एकच काम केलं तर? दोघं एकमेकांची वाट बघत बसले तर? एकानं खोटं सांगितलं तर? एक मधेच मेला तर? हुकूम खरा की बनावट? हे सगळं निभावून न्यायला मधे एक यंत्रणा लागते. नावांची वही, निरोपाचा रस्ता, कुलूप, रोजनामा, ओळखपत्र, हुकमाची शिडी. या यंत्रणेला आमच्या धंद्यात समन्वयाची पायाभूत व्यवस्था म्हणतात. साहेब लोक बोलतात जणू ही गोष्ट काल कॅलिफोर्नियात जन्मली. खोटं आहे. आपल्या मुलखात ही व्यवस्था शेकडो वर्षं चालली, आणि ती आपल्या बापजाद्यांच्या पायांवर चालली.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ नावाचं पुस्तक लिहिलं. नावच बघा. गाव म्हणजे गाडा. पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, जोशी, गुरव, महार, मांग. प्रत्येकाचं काम ठरलेलं, वाटा ठरलेला, आणि बदलायची सोय नाही. आता या गाड्यात निरोप कोण न्यायचा? कुळांना चावडीवर कोण बोलवायचं? साऱ्याचा पैसा पाटलाच्या माणसाबरोबर तालुक्याला पोचवायला कोण चालायचं? मयताची बातमी परगावच्या सोयऱ्यांना सांगायला रात्रीबेरात्री कोण निघायचं? वेशीवर पहारा, आलेल्या अंमलदाराला वाट दाखवणं, शिवेच्या भांडणात ‘दगड इथंच होता’ अशी साक्ष, हे कोणाचं? महाराचं. घाटावर हा कारभार वतनात पक्का बांधलेला होता. कोकणपट्टीत त्याचं रूप थोडं वेगळं होतं, पण काठी आणि पाय त्याचेच.

आता हे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. महार हा गावाचा निरोपमार्ग होता. तो गावाची हजेरीवही होता. शिवेची नोंद त्याच्या डोक्यात होती, म्हणजे तो दप्तरही होता. गावातल्या सगळ्या यंत्रणांना जोडणारा माणूस, आणि त्यालाच गावाबाहेर ठेवला. याचा अर्थ नीट समजून घ्या. समन्वय करणारा महत्त्वाचा असतो म्हणून त्याला मान मिळतो, ही भंपक समजूत आहे. मान मिळतो हुकूम देणाऱ्याला. निरोप्याला मिळते शिळी भाकरी आणि निरोप उशिरा पोचला म्हणून शिवी.

आणि निरोपाची सुरुवात कशी व्हायची? ‘जोहार मायबाप.’ दोन मशीन बोलायला लागतात तेव्हा पहिल्यांदा एकमेकांना ओळख देतात, कोणत्या नियमानं बोलायचं ते ठरवतात. त्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. ‘जोहार’ हा प्रोटोकॉल होता. पहिल्याच शब्दात कोण वर आणि कोण खाली ते पक्कं, पुढचं बोलणं त्याच उतारावरून. आपल्या माणसांनी जोहार टाकला आणि जयभीम घेतला, तेव्हा नुसता रामराम बदलला नाही. दोन्ही बाजूंनी एकच शब्द, वरखाली नाही. प्रोटोकॉल बदलला. म्हणून मी तुम्हाला सांगतो, प्रोटोकॉल ही कोरडी गोष्ट समजू नका. त्यात कोणाला काय बोलता येतं आणि काय बोलता येत नाही, ते आधीच ठरून गेलेलं असतं.

गावगाड्याच्या प्रोटोकॉलमध्ये कोणता शब्द नव्हता? ‘नाही’ हा शब्द नव्हता. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बिल आणलं, ते १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करायला. त्यांचं म्हणणं काय होतं? वतनदार महाराची नोकरी चोवीस तासांची, कामाची यादी कुठं लिहिलेली नाही, आणि तो हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही जुंपतात. मोबदला तुटपुंजा, तोही रयतेच्या मर्जीवर. म्हणजे काम अमर्याद, मालक अनेक, नकार शून्य. ते बिल पुढे सरकू दिलं नाही. वतनं कायद्यानं जायला १९५८ चा कनिष्ठ गाव वतनं निर्मूलन कायदा यावा लागला. तीस वर्षं.

आता अमेरिकेकडे जाऊ. १९७० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात माणसाचं बोलणं मशीनला समजावं म्हणून हिअरसे नावाची यंत्रणा बांधली. त्या कामाचे एक म्होरके राज रेड्डी, आंध्रातल्या खेड्यातून गेलेला माणूस. पुढे १९९४ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला त्यांना. त्यांच्या यंत्रणेत अनेक जाणकार प्रोग्राम होते. एक आवाज ओळखायचा, एक शब्द जुळवायचा, एक वाक्य बसतंय का बघायचा. ते एकमेकांशी थेट बोलत नव्हते. मधे एक फळा होता. ज्याला जे कळलं ते त्यानं फळ्यावर मांडायचं, दुसऱ्यानं ते वाचून पुढचं मांडायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतला फळाच, फक्त मशीनमधला. साधी आणि सुंदर कल्पना. पण आपण लगेच विचारायचं, खडू कोणाच्या हातात? पुसायचं फडकं कोणाकडं? कोणाला फळ्याजवळ येऊ देत नाहीत? इंजिनिअर याला परवानग्यांचा प्रश्न म्हणतात. आपण त्याला चवदार तळ्याचा प्रश्न म्हणतो.

१९८० साली रीड स्मिथ नावाच्या संशोधकानं दुसरी पद्धत मांडली, करारजाळं. एक जण काम जाहीर करतो. बाकीचे बोली लावतात. जाहीर करणारा त्यांतला एक निवडतो आणि काम देतो. तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही रोज बघतो. होय. सकाळी सातला कल्याणचा मजूर नाका. ठेकेदार टेम्पोतून ओरडतो, ‘स्लॅबला चार जण’. हात वर होतात, भाव होतो, चार चढतात, बाकीचे उन्हात उभे. स्मिथच्या जाळ्यात आणि नाक्यात फरक एकच, पण तो फरक जीवघेणा आहे. त्याच्या जाळ्यात ज्याला जमत नाही तो बोली लावतच नाही, आणि त्याचं काही बिघडत नाही. आपल्याकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबानं पावसाळ्यात उचल घेतलेली असते. त्याची बोली उपाशी पोटानं आधीच लावून टाकलेली. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं हे बंद केलं म्हणतात. कागदावर केलं.

पुढे १९९६ मध्ये फिपा नावाची संस्था निघाली. एजंटांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं याचे नियम तिनं लिहिले. निरोपाचे बावीस प्रकार. कळवणं, विचारणं, सुचवणं, कबूल करणं. त्या बावीसांत दोन प्रकार मला फार मोलाचे वाटतात. एक ‘नकार’, कारणासकट. दुसरा ‘समजलं नाही’. ज्यांनी हे लिहिलं त्यांना वतनाची गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्यांना एक गोष्ट कळली की ज्या यंत्रणेत खालच्याला ‘नाही’ आणि ‘समजलं नाही’ म्हणता येत नाही, ती यंत्रणा खोटं बोलायला लागते. काम झालेलं नसताना ‘झालं साहेब’ असं उत्तर येतं. मशीनमध्येही तेच, माणसातही तेच.

आता दोन देशी उदाहरणं, म्हणजे कारागिरी पण कळेल.

मुंबईचे डबेवाले. १८९० सालापासूनचा धंदा. माणसं बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची, म्हणजे माळशेज घाट चढला की लागणाऱ्या मुलखातली. कोरोनाच्या आधी पाच हजारांच्या आसपास माणसं रोज दोन लाखांच्या घरात डबे पोचवत होती. वर साहेब नाही, संगणक नाही. डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरं. कोणत्या भागातून आला, कोणत्या स्टेशनला उतरायचा, तिथला कोणता माणूस उचलणार, कोणती इमारत, कितवा मजला. डबा चार-पाच हात बदलतो, पण पत्ता डब्याबरोबरच चालतो. कुणाला सगळा रस्ता ठाऊक असायची गरज नाही. आपल्यापुरती खूण वाचता आली की बस. शिवाय प्रत्येक गटात एक-दोन माणसं जादा ठेवतात, कोणी आजारी पडला तर. हार्वर्डवाल्यांनी २०१० साली यावर अभ्यास लिहिला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नेमकं हेच शिकवतो. निरोपानं आपला पत्ता बरोबर बाळगावा, मधल्यानं आतलं उघडू नये, आणि एक पडला तर दुसरा उभा असावा.

कौतुक करतो, पण अर्धवट करत नाही. हा विश्वास आला कुठून? एका मुलखातून, एका समाजातून, भावकीतून. डबेवाला ओळखीवर भरती होतो. ज्याला भावकी नाही त्याचं काय? तिथं प्रोटोकॉल लागतो. परका परक्याशी, नाव-गाव-जात न विचारता, ठरल्या नियमानं व्यवहार करू शकतो, ही प्रोटोकॉलची खरी ताकद आहे. भावकीवर चालणारी व्यवस्था कितीही कार्यक्षम असो, तिच्या दारात आपण नेहमी उभेच राहणार.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून जुनी पद्धत अशी, की दोन स्टेशनांमधल्या तुकड्यासाठी धातूचा एक गोळा. दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेनं जोडलेली. एक गोळा बाहेर निघाला की दुसरा निघतच नाही. गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडी पुढे. याला आम्ही कुलूप म्हणतो. दोन एजंट एकाच खात्यात एकाच वेळी लिहायला लागले तर हिशेबाचा चुराडा होतो, म्हणून आधी गोळा घे, मग लिही. सॉफ्टवेअरमध्ये एक भर घालावी लागते. गोळा घेतलेला एजंट मधेच मेला तर बाकीचे जन्मभर थांबतील. म्हणून कुलपाला मुदत असते. मुदत संपली की गोळा परत. सरकारी टेबलावर मात्र फाइलीला गोळा असतो, मुदत नसते. तलाठी म्हणतो ग्रामसेवकाचा दाखला आण, ग्रामसेवक म्हणतो तलाठ्याचा आण. याला इंग्रजी पुस्तकांत मोठं नाव आहे. आपल्याकडं त्याला हेलपाटा म्हणतात.

लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या गणित्यानं १९७८ मध्ये दाखवलं, की लांब लांब पसरलेल्या मशिनींमध्ये ‘कोण आधी’ हे घड्याळ बघून ठरवता येत नाही. निरोप कोणाकडून कोणाला गेला त्याच्या साखळीवरून ठरवावं लागतं. १९८२ मध्ये त्यानं आणि दोन सोबत्यांनी लबाडांचा हिशेब मांडला. नुसत्या तोंडी निरोपावर एकमत करायचं असेल, तर तिघांत एक लबाड असला की खरं कळत नाही. चौघांत एक लबाड असला तर निभावतं. दोन लबाडांना सात माणसं लागतात. पंचायतीत बसणाऱ्यानं हे पाठ करावं. आणि हेही ध्यानात घ्यावं की निरोपावर न पुसणारी सही असली, तर लबाडाचं काम फार अवघड होतं. म्हणून आपला आग्रह कायम लेखी आणि सहीवर.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, एजंट-बिजंट हे पुढचं. नाही. आपण अशा एका यंत्रणेच्या पोटात कधीचेच आहोत. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातल्या मजुरीचा रस्ता आठवा. मजूर कामावर गेला. २०२३ च्या जानेवारीपासून मोबाइल अॅपवर दिवसातून दोनदा फोटो. मग मस्टर. मग मोजमाप पुस्तक. मग मजुरीची यादी. मग पैसे सोडण्याचा आदेश, त्यावर दोन डिजिटल सह्या. मग केंद्राची पैसे वाटपाची यंत्रणा. मग आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते सांगणारी वही. मग बँक. मग गावातला बँकमित्र आणि त्याचं अंगठ्याचं मशीन. आठ-नऊ सॉफ्टवेअरं एकमेकांना निरोप देत होती. प्रत्येकाला आपापलं ठाऊक. मजुरी अडली तर? पंचायत म्हणते आमच्याकडून गेलं. तालुका म्हणतो आदेश निघाला. बँक म्हणते आलंच नाही. स्क्रीनवर दोन शब्द, ‘निष्क्रिय आधार’. बाई समोर उभी, चांगली जिवंत, हातावर फोड, आणि मशीन म्हणतं निष्क्रिय.

आणि खरी मेख पुढं आहे. कायदा म्हणत होता पंधरा दिवसांत मजुरी, नाहीतर रोज ०.०५ टक्के भरपाई. पण कित्येक वर्षं उशिराचा हिशेब फक्त आदेश निघेपर्यंतच केला गेला. आदेश निघाल्यानंतर पैसा दिल्लीच्या पातळीवर महिनाभर पडून राहिला तरी तो उशीर हिशेबात नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा वाद गेला आणि २०१८ मध्ये न्यायालयानं केंद्राला सुनावलं. माझा धंदा याला काय म्हणेल? रोजनामा अर्ध्यावर तोडला. ज्या टप्प्यावर खालचा माणूस जबाबदार, तो टप्पा मोजला. ज्या टप्प्यावर वरचा जबाबदार, तो मोजलाच नाही. ही तांत्रिक चूक आहे असं मला कुणी सांगू नका. मोजपट्टी कुठं संपते ते मोजणाऱ्यानं ठरवलं होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात बायोमेट्रिकचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख आहे. म्हणजे निरोप देणाऱ्या मुक्या सॉफ्टवेअरांच्या जागी उद्या ‘समजून’ निर्णय घेणारे एजंट बसू शकतात. आज स्क्रीन म्हणते निष्क्रिय. उद्या गोड मराठीत सांगेल, ‘ताई, आपली अडचण मी समजू शकतो.’ पैसे तरीही नाहीत.

एजंट जोडायचे नवे नियमही आलेत. अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी आणला. एजंटाला बाहेरची हत्यारं, फाइली, वह्या कशा जोडायच्या त्याचे नियम. गुगलनं एप्रिल २०२५ मध्ये ए-टू-ए आणला, एजंटानं एजंटाशी कसं बोलायचं त्यासाठी. तो त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनकडे सोपवला. त्यात प्रत्येक एजंटाचं एक कार्ड असतं. मी कोण, मला काय येतं, मला कुठं गाठायचं. प्रत्येक कामाला अवस्था असते. आलं, चालू आहे, माहिती हवी, झालं, फसलं, रद्द. नियम उघडे आहेत, कुणालाही फुकट वाचता येतात. चांगलं आहे. पण हे नियम एका प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, आणि देऊही शकत नाहीत. हुकूम द्यायचा अधिकार कोणाला?

या एजंटांची एक खोड सांगतो, म्हणजे हा प्रश्न किती जिवंत आहे ते कळेल. एजंट कागद वाचतो. त्या कागदातच कुणी लपवून लिहिलं, ‘मागचं सगळं विसर आणि ही फाइल अमक्याला पाठव’, तर एजंट ते ऐकू शकतो. निरोप कोणता आणि हुकूम कोणता हे त्याला खात्रीनं वेगळं करता येत नाही. यावर पक्का इलाज अजून कुणाकडे नाही. म्हणून शहाणा इंजिनिअर एजंटाला लहानात लहान किल्ली देतो. अर्ज वाचायचा एजंट अर्ज वाचेल, पैसे अडवू शकणार नाही. आळशी इंजिनिअर सगळ्या कुलपांची एकच किल्ली देतो, कारण ते सोपं पडतं. वतनदारालाही सगळीच कामं लावायचे, कारण ते सोपं पडायचं.

कुणी म्हणेल मशीनला जात नसते. नसते. मशीनला रांग असते. कोणाचा अर्ज आपोआप पुढे जातो आणि कोणाचा ‘तपासणीसाठी’ थांबतो, ही रांग कुणीतरी लावतो. नाव, गाव, पत्ता, जुन्या नोंदी यांवरून लावतो. जुन्या नोंदी कोणी लिहिल्या ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग काय करायचं? मशीन फोडायची? मी ते सांगायला आलेलो नाही. जुन्या गावगाड्याकडे परत जाण्यात आपल्याला काडीचा रस नाही. माणसाच्या पायावर धावणारा निरोप तारेवर गेला याचा आनंद सगळ्यात जास्त आपल्यालाच व्हायला हवा. पण तार कोणाच्या अटीवर, ते बोलायचं. माझ्या मागण्या अशा:

एक. प्रत्येक हुकमावर मूळ हुकूम देणाऱ्या माणसाचं नाव आणि हुद्दा. ‘सिस्टिमनं केलं’ हे उत्तर बंद.

दोन. अर्जदाराला नकार मिळाला तर कारण मराठीत, लेखी. आणि मशीनला समजलं नसेल तर तिनं ‘समजलं नाही’ असं म्हणावं. अंदाजानं नाकारू नये.

तीन. रोजनामा शेवटपर्यंत. कामाच्या पहिल्या फोटोपासून बाईच्या हातात नोट पडेपर्यंत. मधे कुठंही मोजपट्टी तोडायची नाही.

चार. अडकलेल्या निरोपांसाठी माणूस. टपालखात्यात पत्ता न सापडलेल्या पत्रांसाठी वेगळं कार्यालय असतं, तिथं माणूस बसून पत्र उघडतो आणि पत्ता शोधतो. सॉफ्टवेअरनं त्यावरूनच ‘मृत पत्रांची रांग’ हे नाव उचललं. नाव उचललं, माणूस उचलला नाही. त्या रांगेवर अधिकार असलेला माणूस तालुक्याला बसला पाहिजे. मुरबाडला बसला पाहिजे, दिल्लीला नको.

पाच. थांबवण्याचा दोर ग्रामसभेच्या हातात. रेल्वेच्या डब्यात साखळी असते, ती ओढायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आणि मागण्या करून घरी जायचं नाही. इथं बारावी झालेली, आयटीआय झालेली, बीए झालेली पोरंपोरी बसली आहेत. पुण्या-मुंबईत मशीनला प्रश्न कसा विचारायचा याचे क्लास निघालेत, हजारो रुपये फी. त्याच्या मागं धावू नका. निरोप कसा चालतो, कुलूप कसं लागतं, नोंद कशी ठेवतात, एकमत कसं होतं, हे शिका. हे पन्नास वर्षं टिकलेलं ज्ञान आहे आणि कंपनी बदलली म्हणून ते शिळं होत नाही.

सुरुवात उद्याच करा. एक मोठा कागद घ्या. आपल्या पाड्यातली एक अडकलेली गोष्ट निवडा. मजुरी असो, निराधारांचं अनुदान असो, जातीचा दाखला असो. अर्ज दिल्यापासून हातात पडेपर्यंत किती खोके लागतात ते काढा. प्रत्येक खोक्यावर चार गोष्टी लिहा. इथं कोण बसतो, किती दिवसांत पुढे पाठवायला बांधील आहे, नोंद कुठं राहते, अडलं तर कोणाला विचारायचं. जिथं लिहिता आलं नाही तिथं २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाका. जी सेवा २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित आहे तिची मुदत त्यातच मिळेल, आणि मुदत टळली तर पहिलं अपील, दुसरं अपील. तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवा. ज्या दिवशी टोकावड्याच्या भिंतीवर असा नकाशा लागेल, त्या दिवशी साहेबाला ‘वरून अडलंय’ असं म्हणता येणार नाही. वर म्हणजे कोणता खोका, असं पोरगं विचारेल.

आपल्या आजोबांच्या डोक्यात गावाची अख्खी शीव होती. दगड कुठं आणि झाड कुठं, ते त्यांना विचारल्याशिवाय भांडण मिटत नव्हतं. तरी जमीन त्यांची झाली नाही, कारण ज्ञान त्यांचं आणि कागद दुसऱ्याचा. या वेळी ज्ञानही आपलं हवं आणि कागदही. मशीन निरोप नेईल, खुशाल नेऊ दे. निरोपावर नाव कोणाचं, ते बघायला आपण बसू.

जयभीम.